हौदातली आबदोज

गेल्या वर्षी डिसेंबरात आमच्या घरच्या हौदात तीन दिवस एक पाणबुडी बुडून पडली होती. हौद नुकताच भरलेला होता. ज्यांच्याकडे रोज नळ येतो त्यांना यातली अडचण कळणार नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबादेत, ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचं एवढं मोठं धरण, तिथून पंपानं चढवत आणलेलं पाणी, आणि आमच्या गल्लीत तेव्हा आठव्या-नवव्या दिवशी येणारा नळ. हौदात जे आहे ते पुढच्या नळापर्यंत पुरवायचं. त्या पाण्यात घरातलं पोरही हात बुडवत नाही. मी त्यात पाणबुडी सोडली.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. केलं तेही भाषांतच. विज्ञानाची जागा रिकामी होती, प्रदर्शनाचं पत्रक आलं आणि मुख्याध्यापकांनी ते माझ्यापुढे सरकवलं. मी आठवीच्या वर्गात विचारलं, काय बनवायचं? नेहमीची उत्तरं आली. ज्वालामुखी, सोलर कुकर, ठिबक सिंचन. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आबदोज बनायेंगे. सच्ची डूबने वाली."

हा मुलगा मला मराठीच्या पेपरापुरताच माहीत होता, आणि तो पेपर सांगण्यासारखा नव्हता. नखांत कायम काळं ग्रीस. वडिलांचं शहागंजच्या बाजूला मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, शाळा सुटली की तो तिथं बसतो. जुलैच्या पालक सभेत मी त्या वडिलांना चार लोकांत सुनावलं होतं, की पोराला दुकानात बसवू नका, हात काळे करून अभ्यास होत नाही. ते "जी सर" म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर ते शाळेत आले नाहीत.

आबदोज हा शब्द मला आवडतो, म्हणून एक तास त्यावरच गेला. आब म्हणजे पाणी. आणि दोज तोच, जो जरदोजीत आहे, शिवण्याचा, टोचून पार जाण्याचा. जरीनं शिवणारा जरदोज, तशी पाण्यात सुईसारखी शिरून पलीकडे निघणारी ती आबदोज. मराठीत पाणबुडी, म्हणजे पाण्यात बुडी मारणारी. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि खूश झालो. मुलगा म्हणाला, "सर, सुई बाहर भी निकलती ना?" तेव्हा मला ते नुसतं हजरजबाबी वाटलं.

कामाला लागल्यावर कळलं की बुडवणं ही वजनाची गोष्ट नाही, वजाबाकीची आहे. आम्ही बाहेरून 75 मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप घेतला, दोन्ही टोकांना टोप्या, एकूण लांबी 45 सेंटिमीटर. असा पाइप पूर्ण बुडाला तर जवळजवळ दोन लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे सगळं सामान भरून त्याचं वजन दोन किलोच्या किंचित आत हवं. आम्ही 50 ग्रॅमची सूट ठेवली. मेडिकलमधून 50 मिलिलिटरच्या दोन सिरिंजा आणल्या, त्यांच्या दट्ट्यांना आटे पाडलेली सळई आणि नट लावला, सळई फिरवायला गिअरची छोटी मोटार. दट्ट्या मागे सरकला की बाहेरचं पाणी सिरिंजेत शिरतं. दोन्ही भरल्या की 100 ग्रॅम वजन वाढतं, 50 ग्रॅमनं तरंगणारी नळी 50 ग्रॅमनं बुडणारी होते. दट्ट्या पुढे ढकलला की उलट. खऱ्या पाणबुडीत टाक्यांमधली हवा वरून सोडतात, पाणी खालून आत येतं, आणि वर यायचं तेव्हा दाबलेल्या हवेनं ते बाहेर हाकलतात. आमच्याकडे दाबलेली हवा नव्हती, सिरिंज होती.

पोट जड राहावं म्हणजे ती लोळणार नाही, यासाठी तळाशी लोखंड हवं होतं. दुकानातून जुन्या मोटारींचे पत्रे आले. मी म्हणालो, तांबं जास्त जड, ते आण. मुलगा म्हणाला, "अब्बा तांबा नई देते सर, किलो के भाव से जाता."

पहिली चाचणी शाळेच्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये झाली. दोन्ही सिरिंजा आम्ही नाकाकडे बसवल्या होत्या. पाणी घेतल्याबरोबर नाक खाली, शेपटी वर. कुणी तरी ओरडलं, "सर, रुकू में गई!" मी डोळे वटारले, पण हसू मलाही आलं. मग एक सिरिंज पुढे, एक मागे गेली. खेळण्यातल्या गाडीचा रिमोट लावला होता, तो पाणबुडी बुडताच मुका झाला. अशा रिमोटच्या लहरी पाणी आत जाऊच देत नाही. नौदलालाही ही अडचण आहे. बुडालेल्या पाणबुडीपर्यंत निरोप पोचवायला फार कमी वारंवारतेच्या लहरी लागतात, त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे खास केंद्र आहे. आम्ही शेपटीला इंटरनेटची केबल बांधली आणि बटणं हातात धरली. बॅटरी बाहेर ठेवू, सोपं पडेल, असं मी सुचवलं. मुलगा ऐकेना. आयएनएस कलवरीच्या पोटात 360 बॅटरी-सेल आहेत, एकेक 750 किलोचा, हे मीच त्याला वाचून दाखवलं होतं. चूक माझीच.

नावाचं मतदान झालं, खांदेरी जिंकलं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली त्या नावाची पाणबुडी 28 सप्टेंबर 2019 ला नौदलात आली, हे पोरांना मोबाइलवर सापडलं. ते नाव मुळात कुठलं, हे मी सांगितलं. मुंबईच्या तोंडाशी असलेलं बेट, 1679 साली शिवाजी महाराजांनी तिथं किल्ला बांधायला घेतला, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघंही आडवे आले, आणि महाराजांच्या बाजूनं समुद्रावर लढणाऱ्या सरदारांत मायनाक भंडारी होता तसा दौलतखानही होता. वर्ग एकदम गप्प झाला. हे नाव त्यांच्या पुस्तकात कधी ठळक आलं नसावं. मी पुढे काही बोललो नाही, तास संपला.

ड्रममध्ये खोली पुरेना. पाणबुडी नुसती बुडते की मधल्या पाण्यात थांबते, हे बघायला निदान पाच फूट हवेत. सलीम अली सरोवरात आम्हाला कोण सोडणार? पानचक्कीचा हौद डोळ्यांसमोर आला. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी तिथं कुठल्याही पंपाशिवाय भिंतीवर चढतं आणि खाली पडतं. दाब म्हणजे काय हे शिकवायला शहरात याहून चांगली जागा नाही, पण दर्ग्याच्या आवारात पाणबुडी सोडायला कुणाला विचारायचं? राहिला आमच्या घरचा हौद. बायको सिल्लोडला माहेरी गेली होती. मी परवानगी मागितली नाही.

पाणबुडी साबणानं धुतली, पुसली, सोडली. खाली गेली, थांबली, पंखा फिरला, एक वळणही घेतलं. आम्ही दोघं झाकणाच्या भोकातून टॉर्च मारून बघत होतो. मग वर यायचं बटण दाबलं. सिरिंजांनी पाणी बाहेर टाकलं, ते दिसलंही. पाणबुडी जागची हलली नाही. मी घाबरून केबल ओढली आणि केबल एकटीच हातात आली.

मुलगा शर्ट काढायला लागला. मी त्याचा दंड धरला. बंद हौदात पोराला उतरवायचं नाही, एवढं शहाणपण शिल्लक होतं. तो तिथंच काठावर बसला आणि म्हणाला, "सर, अंदर आदमी रहते तो?"

उत्तर मला माहीत होतं, म्हणून जास्त जड गेलं. 14 ऑगस्ट 2013 ला मुंबईच्या नौदल गोदीत, धक्क्याला लागलेली सिंधुरक्षक स्फोट होऊन बुडाली, 18 जण गेले. एप्रिल 2021 मध्ये इंडोनेशियाची नांगाला बुडाली तेव्हा आपल्या नौदलानं विशाखापट्टणमहून बचावाची छोटी पाणबुडी पाठवली होती, पण ती आठशे मीटरहून खोल तुकडे होऊन पडलेली होती. आत 53 माणसं होती. मी एवढंच म्हणालो, "सगळ्यांना काढता येत नाही, बेटा."

संध्याकाळी बायको आली. तिनं झाकण उघडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सुनो, नौ दिन का पानी है ये." तिला ऑइलपेंट दिसत होता, सोल्डरिंगचं शिसं मी सांगितलं नाही. तीन दिवस पिण्यासाठी जार विकत आले. रोज इशानंतर मी दोरीला आकडा बांधून एकेक तास गळ टाकत बसायचो आणि गुळगुळीत पाइपावरून आकडा घसरायचा. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा म्हणून तीन भाऊ होते, त्यांच्या 'किताब अल-हियल'मध्ये पाण्याच्या तळातून वस्तू उचलायचं यंत्र आहे, बिजागरीनं जोडलेले दोन अर्धे नळकांडे, साखळी ओढली की मिटणारे. उर्दूत त्यांच्याविषयी मी किती अभिमानानं वाचलं होतं. त्या रात्री त्यातलं एक नळकांडंही मला बनवता आलं नसतं. शेवटी शेजारच्या वयस्कर चाचांनी विहिरीतली बादली काढायचा जुना, चार आकड्यांचा गळ दिला आणि पाणबुडीचा आडवा पंख त्यात अडकला.

आत पाणी होतं. किती? अर्धा कप. पंख्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून झिरपलेलं. आमची सूटच 50 ग्रॅमची, अर्ध्या कपानं ती खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. पाणबुडीचे नाही, मुलाचे. पण त्यांनी ती उचलून अशी उलटीपालटी केली की तिचेच म्हणायला हरकत नाही. मी सील, रबर, ग्रीस वगैरे बोलू लागलो. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बोअर की मोटर देखे क्या सर? उसके अंदर पानीच भरके छोडते." मला हे ठाऊक नव्हतं. आपल्या शेकडो फूट बोअरमध्ये महिनोन् महिने चालणाऱ्या कित्येक सबमर्सिबल मोटारी आतून पाण्यानंच भरलेल्या असतात. तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, पाणी तिला थंड ठेवतं. "पानी कू रोकते बैठे तो एक दिन घुसतैच. मोटर बाहर रखो, भिगने देव."

म्हणजे भोकच नको. पंख्याची छोटी मोटार शेपटीला बाहेर लावायची, ती गोड्या पाण्यात भिजत फिरेल, फार तर काही दिवसांनी गंजेल, मग दुसरी लावू. आत जातील फक्त तारा, त्या एम-सीलनं बंद. मराठवाड्यात समुद्र नाही म्हणून पाणबुडीचं कुणाला काय कळणार, असं मी धरून चाललो होतो. इथं दर दुसऱ्या शेतात जमिनीखाली एक बुडालेलं यंत्र चालू आहे आणि ते दुरुस्त करणारा माणूस मी पालक सभेत उभा केला होता.

दुसरी सुधारणा माझ्या वाचनातली. 23 जानेवारी 1960 ला जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्त' नावाच्या यानातून प्रशांत महासागराच्या सर्वांत खोल जागी, जवळपास अकरा किलोमीटर खाली उतरले. त्या यानात वजनाला लोखंडी छर्रे होते, आणि ते विद्युतचुंबकानं धरून ठेवले होते. वीज गेली तर चुंबक सुटणार, छर्रे पडणार, यान आपोआप वर. वर येण्यासाठी काही चालू राहण्याची गरजच नाही, बंद पडलं तरी पुरे. मी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी मान डोलावली, जुन्या पत्र्यांचा गाभा केला आणि दुकानातल्या रिळावरून त्यावर तार गुंडाळायला बसले. तांब्याची. मुलगा माझ्याकडे बघून हसला. पोटाखाली दोनशे ग्रॅमची लोखंडी पट्टी चिकटली. पट्टी स्वतःही थोडं पाणी सारते, तो हिशेब धरून ती सुटली की पावणेदोनशे ग्रॅमचा उठाव मिळतो. अर्धा कप काय, पूर्ण कपभर पाणी शिरलं तरी चालेल. अर्थात पट्टीमुळे आतलं लोखंड तेवढं कमी करावं लागलं, सगळं वजन पुन्हा किराणा दुकानाच्या काट्यावर.

प्रदर्शनात काचेची टाकी होती, तळाला आम्ही टॉवेल अंथरला. मुलानं मराठीत सांगायचं ठरलं होतं. चार दिवस आम्ही घोकत होतो. तो म्हणाला, "पाणी आत घेतला की ती बुडते." उर्दूत पानी पुल्लिंगी, त्यामुळे हे चुकणारच. मी मागे उभा राहून हाताच्या मुठी वळल्या, पण टोकलं नाही. परीक्षकांनी विचारलं, बॅटरी संपली तर? त्यानं उत्तर दिलं नाही. हातातल्या केबलची पिन उपटली. टाकीत टक् असा आवाज झाला आणि खांदेरी शांतपणे वर आली.

पुढच्या फेरीला आमची निवड झाली नाही. एक सोलर कुकर गेला, आणि तो खरंच चांगला होता. मुलाचे वडील दाराशी उभे होते, दुकान बंद करून आलेले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो की जुलैत मी बोललो ते बरोबर नव्हतं. ते जरा गोंधळले. "नई सर, तुम बोले वो सही था. मराठी में पास होना ना उसकू."

आता तो रोज अर्धा तास घरी येतो, मराठीसाठी. येताना हौदाच्या झाकणाकडे बघतो. परवा त्यानं बायकोलाच विचारलं, "मॅडम, एक बार और छोडें?" ती म्हणाली, छोडो, पण नळ यायच्या आदल्या दिवशी, जेव्हा तळाला गुडघाभर पाणी राहतं तेव्हा.

"उत्ते में डूबती नई मॅडम," तो म्हणाला.

"मालूम," ती म्हणाली.