भाचीला काय द्यावं?

गेल्या जूनमध्ये आपाची मुलगी बी.कॉम. झाली. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत मुली बारावीपर्यंत शिकतात, त्यापुढे क्वचितच. आपा विड्या वळते, दूल्हाभाई टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मोबाईलवर निकाल दिसला तसे आपानं घरोघर पेढे वाटले आणि मला फोन केला, "अब खाला क्या देनेवाली?"

खाला म्हणजे मी. उर्दू शाळेत शिक्षिका. महिन्याला पगार येतो, म्हणून अपेक्षाही माझ्याकडूनच.

मी 2009 साली पदवीधर झाले तेव्हा मला भिंतीवरची तीन घड्याळं मिळाली होती. त्यातली दोन आम्ही पुढं दुसऱ्यांच्या लग्नात देऊन टाकली. मामूंनी मात्र वस्तू आणली नाही. मला घेऊन ते झेरॉक्सच्या दुकानात गेले, सगळ्या कागदांच्या पाच-पाच प्रती काढल्या, शेजारी फोटो काढून घेतले, रेक्झिनची एक फाईल घेतली आणि म्हणाले, "बी.एड. का फॉर्म कब निकलता, देख." त्या दिवशी मी थोडी हिरमुसले होते, खोटं कशाला सांगू! ती फाईल अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून भाचीलाही उपयोगाचंच काही द्यावं असं मनात होतं. मनगटी घड्याळ आता कोण बघतं? पर्स तिच्याकडे दोन आहेत. लॅपटॉप माझ्या आवाक्याबाहेरचा. शेवटी तिलाच विचारलं. आधी "कुछ नको खाला" म्हणाली. मग हळूहळू बोलली. एका दवाखान्यात बिलं करायला मुलगी हवी होती. ही गेली. इंग्रजीत टाइप केलं, ते बरं झालं. मग त्यांनी मराठीत चार ओळींचं पत्र टाइप करायला सांगितलं. एकेक अक्षर शोधता शोधता अर्धा तास गेला. "कळवतो" म्हणाले. हिनं 'कळवावे' ऐवजी 'कलवावे' टाइप केलं होतं.

ऐकताना माझे कान गरम झाले. कारण आठवी ते दहावी तिला मराठी शिकवणारी मीच. उर्दूत 'ळ' नाही. आमची मुलं 'शाळा'ला 'शाला' म्हणतात आणि तसंच लिहितात. उर्दू लिहिताना जेर-जबर आपण सोडून देतो, वाचणारा समजून घेतो. मराठीत प्रत्येक वेलांटी लिहावी लागते आणि ती ऱ्हस्व की दीर्घ हेही ठरवावं लागतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण निकाल चांगला लागला पाहिजे म्हणून मी निबंध आणि पत्रं पाठ करून घेतली. भाचीला दहावीला मराठीत उत्तम गुण पडले होते. माझा सत्कारही झाला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टंकलेखनाच्या क्लासमध्ये गेले आणि शासनमान्य संगणक टंकलेखनाची, मराठी तीस शब्दांची, फी भरली. सहा महिने शिकवतात, मग महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा. लिपिक-टंकलेखकाच्या जागांना मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीसचं प्रमाणपत्र मागतात. इंग्रजी तिला येतंच, तेच का नाही भरलं, असं क्लासच्या सरांनी विचारलं. त्यांना काय सांगणार!

पावती पाकिटात घातली, पण द्यायला जीव धजेना. तुला मराठी येत नाही, असं तोंडावर म्हटल्यासारखं नाही का ते? शिवाय ते म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नव्हता. घरी गेले, पाकीट दिलं आणि सरळ सांगितलं, "ये मैंने पढाना था, नहीं पढाया."

ती गप्प बसली. आपानं पावती उलटसुलट करून पाहिली. "बालियाँ देती तो शादी को काम आते थे ना." आपाचं काही चुकलं नाही. हातात सोनं असलं की मुलीच्या आईला धीर येतो.

दूल्हाभाईंनी मात्र एकच विचारलं, "छे महिने लगतेच?"

"लगतेच. ऊपर परीक्षा."

बार्शीहून एक स्थळ आलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मुलाकडचे घाई करत होते. दूल्हाभाईंनी बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले. "पैसे भरे सो भरे," ते आपाला म्हणाले, "उनकू बोल, परीक्षा के बाद देखेंगे."

भाचीनं मान वर केली नाही. पावती मात्र आईच्या हातातून काढून घेतली, वेळ वाचली, सकाळी सात ते आठ, आणि विचारलं, "खाला, पानी आने के दिन छुट्टी मिलती क्या?"