सईचं वजन आणि आपली भीती

चि. प्राजक्ता,


परवा सिडकोत तुझ्याकडे आले, तेव्हा सासूबाईंसमोर बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून लिहितेय. तुझ्या लेकीचं, सईचं, वजन 11 किलो 400 ग्रॅम भरलं म्हणून तू दिवसभर कावरीबावरी होतीस. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा 15 किलोचा आहे, हे पुन्हापुन्हा सांगत होतीस. अगं, अडीच वर्षांच्या मुलींचं मधलं वजन पावणेतेरा किलोच्या आतबाहेर असतं. त्या वयाची मुलगी 10 किलोच्या खाली गेली तर अंगणवाडीत आम्ही तिला वाढीच्या कार्डावर कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात धरायचो. सई चांगली हिरव्यात आहे, आणि कार्डावरची तिची रेघ जन्मापासून एकाच चढानं चाललीय.

सई बारीक आहे ही सासूबाईंची भीती मला कळते. 1972 च्या दुष्काळात त्या पोरवयात होत्या, मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढलेत त्यांनी. वाळलेलं पोर हातचं जातं, हे मराठवाड्यातल्या त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. मी अंगणवाड्यांची मुख्य सेविका होते तेव्हा वस्त्यांवर बाया पोरं लपवायच्या; काट्याच्या झोळीत टांगलं की दृष्ट लागते म्हणायच्या. 2005 साली कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन आपल्या याच शहरातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून, सुरू झालं; व्ही. रमणी तेव्हा त्याचे प्रमुख होते. तेव्हा राज्यात दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या घरात होतं. 2012 च्या पाहणीत ते 25 च्या खाली आलं. त्या कामात माझा खारीचा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो. त्यामुळे वजनाकडे दुर्लक्ष कर, असं मी तुला कधीच सांगणार नाही.

पण सईच्या घरात उपासमार नाही. तिथे वाटी घेऊन मागे धावणं आहे. तिनं ओठ घट्ट मिटले, मान फिरवली, हात आडवा केला. इतकं स्पष्ट 'नको' मोठी माणसंही म्हणत नाहीत. मग मोबाईल समोर आला, तोंड आपोआप उघडलं आणि वरणभात आत गेला. पोट भरलं की नाही हे तिचं तिलाच कळेनासं झालं तर पुढे तिनं कुणाला विचारायचं? शिवाय बिस्किट कुस्करून दिवसभरात पाऊण लिटर दूध. एवढं दूध पोटात असताना भाजी-भाकरीला जागा कुठून राहणार? आणि दुधात लोह नसल्यासारखंच, त्यामुळे रक्त कमी होतं ते वेगळंच.

या वयात भूक कमी होतेच गं. पहिल्या वर्षात मूल जन्मवजनाच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वाढदिवसानंतर वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. नेमक्या याच वेळी घरचे घाबरतात. मूल बारीक म्हणून आपण भरवतो, भरवतो म्हणून ते ताटापासून पळतं.

आता तुझी स्वतःच्या वजनाची भीती, आणि ती मला जास्त लागली. तू भात सोडलायस. आरशासमोर कुर्ता ओढत 'किती जाडी झालेय' म्हणालीस, तेव्हा सई तुझ्यामागे उभी राहून आपल्या पोटावर हात फिरवत होती. तू पाहिलं नाहीस. गुलमंडीहून आणलेली इमरती तू फडताळात वर ठेवलीस आणि ती संध्याकाळभर त्या फडताळाखालून हलली नाही. लीन बर्च आणि जेनिफर फिशर या संशोधक बायकांनी 1999 साली हेच मांडलंय: समोर दिसणारा खाऊ मुलांना बंद केला की त्यांचं सगळं लक्ष त्याच खाऊवर जातं. आजी म्हणते खा, आई म्हणते खाऊन जाड होतं. पोरीनं काय समजायचं?

आणि गुबगुबीत दिसण्यावर जाऊ नकोस. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी 2 किलो 700 ग्रॅमची, विलायती बाळांपेक्षा कितीतरी हलकी. तरी अंगातली चरबी मात्र फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. अशा आपल्या लेकरांना साखर-बिस्किटांनी फुगवून काय मिळवायचं?

काय वाढायचं आणि कधी, ते तू ठरव. किती खायचं ते सईला ठरवू दे. दूध दोन कपांवर आण, मोबाईल जेवणातून उठव, तूही तिच्याबरोबर भात घे. रेघ दोन-तीन महिने सपाट राहिली, वजन उतरलं किंवा पोरगी मलूल दिसली, तर मात्र त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. सासूबाईंशी तू वाद घालू नकोस. रविवारी मी येते, कार्ड काढून ठेव. त्यांच्याशी मी बोलेन.

तुझी,
आत्या