समुद्रावर जाताना तिथी पाहा

कारंजाच्या मंडळींनो, आपली कार नदी पावसाळ्यात फुगते. समुद्र मात्र बारा महिने, दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा ओसरतो. मुलाबाळांना घेऊन अलिबागला जाणार असाल, तर एवढी खूणगाठ मनाशी बांधा.

एस.टी.ने वर्धा, तिथून रेल्वेने मुंबई गाठावी. गेटवेहून लाँचने मांडवा आणि पुढे बसने अलिबाग. पावसाळ्यात लाँच बंद असते. कापूस घरात आला की निघावे.

शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोर समुद्रातच उभा आहे. ओहोटीला तिथे पायी जाता येते. पण पाणी वळले की वाट बुडते. यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट करा. भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. तासभर आधी निघा आणि नवानंतर फार रेंगाळू नका. तरी पाण्यात पाय घालण्यापूर्वी तिथल्या कोळीबांधवांना विचाराच.

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी ही बेटे दिसतात. कनकेश्वराचा डोंगर पायऱ्यांनी चढता येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात, तर तिथल्या पांढऱ्या कांद्याची माळ घरी आणा.

आणि वाटेत पाणी चढताना दिसले, तर माघारी फिरा. किल्ला उद्याही तिथेच असतो.