डोकं वाचतं ते गुडघ्यांच्या जोरावर

मलकापूर-कराडचा हा पट्टा पैलवानांचा. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव इथल्याच गोळेश्वरचे. त्यामुळे माझ्याकडे बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या बऱ्याच पोरांच्या अंगाला आधी तालमीची माती लागलेली असते. जोर-बैठकांनी मांड्या तयार, मान भरलेली, दम चांगला. पण कुस्तीत डोकं समोरच्याला भिडवून ताकद लावायची सवय असते. बॉक्सिंगमध्ये तेच डोकं एका जागी राहिलं की पंच बसलाच म्हणून समजा.

नुसतं ‘डोकं हलव’ म्हणून भागत नाही. तेवढंच सांगितलं तर पोरगं मान वाकडी करतं, नाहीतर कमरेत वाकून जमिनीकडे बघायला लागतं आणि खालून येणाऱ्या अपरकटच्या वाटेत स्वतःच तोंड नेऊन ठेवतं. डोकं हलतं ते गुडघे दुमडल्याने आणि कंबर वळल्याने. मान मोकळी, हनुवटी खाली, हात गालाशी. बैठकांची कमाई इथे कामी येते.

म्हणून सुरुवात सुतळीपासून. हॉलच्या दोन खांबांना पोराच्या खांद्याच्या उंचीवर सुतळी बांधायची. तिच्या एका बाजूला स्टान्स, म्हणजे लढण्याचा पवित्रा, घेऊन उभं राहायचं, गुडघ्यात बसत डोकं सुतळीखालून पलीकडे काढायचं, अर्धं पाऊल पुढे सरकायचं, पुन्हा अलीकडे. नजर सतत समोर, प्रतिस्पर्ध्याची छाती जिथे असेल तिथे. मी मात्र पोरांच्या पायांकडे बघतो. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जात नसेल तर डोकं सुतळीखालून गेलं तरी त्याचा उपयोग नाही.

दुसरी पायरी टांगत्या पिशवीची. जाड कापडाची मुठीएवढी पिशवी, आत वाळू, कपाळाच्या उंचीवर लोंबती. अमेरिकेत प्रशिक्षक कस डी’अमाटो यांनी अशाच पिशवीवर माइक टायसनला घडवलं. १९८६ साली विसाव्या वर्षी तो हेवीवेट विजेता झाला, त्यामागे डोक्याच्या या हालचालीचा वाटा मोठा होता. पिशवी कानाजवळून जाऊ द्यायची, चार बोटांपेक्षा जास्त सरकायचं नाही. फार लांब गेलं की तोल जातो आणि उलटा पंच मारता येत नाही. मात्र पिशवी लंबकासारखी एकाच तालात झुलते आणि पोरांच्या अंगात तो ताल बसतो. प्रतिस्पर्धी त्या तालात मारत नाही. म्हणून मी मधेच तिला तिरका धक्का देतो.

तिसरी पायरी जोडीदाराची. तो उघड्या पंजाने सावकाश जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, टाकतो, कपाळाला नुसता स्पर्श करायला. समोरच्याने आपल्या उजवीकडे स्लिप करायची, म्हणजे डोकं बाजूला सरकवून पंच चुकवायचा. वजन उजव्या पायावर येतं आणि उजवा हात आपोआप मारायला सज्ज होतो. मग मी जोडीदाराला सांगतो, कधी हूल दे, कधी दोन जॅब टाक. इथे खरी परीक्षा डोळ्यांची. पंजा जवळ आला की डोळे मिटतात, आणि डोळे मिटले की पुढचं काहीच दिसत नाही. वेग वाढवायचा तो डोळे उघडे राहायला लागल्यावरच. घाई केली तर पोरगं घाबरून मागे पळायला शिकतं.

पंच चुकवण्याची ही कला काय करू शकते ते बघा: अर्जेंटिनाचा बॉक्सर निकोलिनो लोचेने १९६८ साली टोकियोत पॉल फुजीला तिच्याच जोरावर थकवलं. अंगावर तुटून पडणाऱ्या फुजीचे पंच हवेत जात राहिले, आणि शेवटी तो पुढच्या राउंडसाठी स्टुलावरून उठलाच नाही. लोचेच्या ठोशांत फार ताकद नव्हती. जागा न सोडता पंच चुकवणं हेच त्याचं शस्त्र होतं.

या कसरतींसाठी मी हट्ट धरतो तो पदकापुरता नाही. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, पण आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून तर २०१३ पासून हेडगार्ड गेलंच. सोसण्याची ताकद हा पैलवानी गुण मोठा आहे, त्याचा मला आदर आहे; पण डोक्यावर मार सोसण्यात मर्दुमकी नाही. या पोरांना पुढे शिकायचंय, नोकरी करायचीय, घर चालवायचंय. म्हणून आईबाप स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, कधी सुरू होणार असं विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: गुडघे बोलायला लागले आणि डोळे मिटायचे थांबले की दुसऱ्याच दिवशी.