आईला बाहेर बसवल्यावर

नववीतली मुलगी. तक्रार डोकेदुखीची. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, म्हणून माझ्याकडे पाठवलेली. मी तिला काही विचारलं, की उत्तर आई देणार. "जेवतेस का नीट?" "कुठलं जेवतेय डॉक्टर, दिवसभर नुसती चिडचिड!" शेवटी मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

मुलगी दप्तराच्या चेनशी चाळा करत होती. शाळा, मैत्रिणी, झोप असं बोलता बोलता मी विचारलं, "फार त्रास होतो तेव्हा जगूच नये, असं मनात येतं का गं?" चेन वाजायची थांबली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

असं विचारायला पालक घाबरतात. नसतं खूळ डोक्यात शिरलं तर? तसं होत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. विचारल्याने मुलाला उलट हायसं वाटतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा. बातमीत लिहिलेलं असतं, 'मोबाइल काढून घेतल्याने'. ते निमित्त. त्याआधी कित्येक महिने नैराश्य, घरातली भांडणं, वर्गातला छळ किंवा कुणालाच न सांगितलेला अत्याचार ते मूल सोसत असतं. शिवाय मुलांचं नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं, आणि 'वयच तसं आहे' म्हणून आपण ते सोडून देतो. 'मी नसले तर सुटाल तुम्ही' या वाक्याला 'नाटकं' म्हणणारे पालक भेटले की माझा जीव खालीवर होतो.

या वयात भावना चटकन उसळतात. त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडतच असतो. पण मरणाची ती तीव्र ऊर्मी ओसरते, बहुतेक वेळा लवकर ओसरते. तेवढा वेळ निभावून नेणं, हेच आमचं निम्मं काम. म्हणून घरातली औषधं, शेतावरची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, मुलाला एकटं सोडू नका, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो. आधी प्रयत्न झाला असेल तर पोलिसांच्या भीतीने तो लपवू नका; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला शिक्षेची नव्हे, उपचारांची हक्कदार मानलं आहे.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एक कागद केला, तिच्याच अक्षरात. मन भरून आलं की काय करायचं, कुणाशी बोलायचं. खाली टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. तिथे रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतूनही. जिवाला धोका असेल तर आईला सांगावंच लागेल, हे मी सुरुवातीलाच कबूल करून घेतलं होतं. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

आई आत आली. ऐकताना तिचे डोळे भरले. "काय कमी केलं गं तुला आम्ही?" मी म्हटलं, "ताई, हे आत्ता नको. नुसता हात धरा तिचा."

तिने हात धरला. मग कागद वाचला. पहिलं नाव मावशीचं होतं, आईचं नव्हतंच. ती जरा वेळ गप्प राहिली आणि पर्समधून फोन काढत मुलीला म्हणाली, "मावशीला आत्ताच बोलावू या का?"