कणकुंबीच्या पावसाची वही

जुलैचा दुसरा आठवडा. बेळगावात नुसती भुरभूर होती. जांबोटी मागे पडली आणि पावसाने बसला असं काही घेरलं, की काचेपलीकडची झाडंही दिसेनात. कंडक्टर म्हणाला, "बाई, हितनं फुडं छत्रीचा काय उपयोग न्हाई."

कणकुंबीच्या अलीकडे एका वाडीत माझी जुनी विद्यार्थिनी मराठी शाळेत शिकवते. "बाई, मुलांचा पाऊस बघायला या," असा तिचा फोन आला होता. कुंद्याचा डबा घेऊन मी निघाले.

हा भाग मोठा नवलाचा. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे आणि तिथेच मलप्रभेचा उगम. ती पूर्वेकडे वळते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाते. याच खानापूर तालुक्यातल्या डोंगरात उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. म्हणजे इथल्या ढगातले दोन शेजारी थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतात. भूगोल शिकवायला आणखी काय हवं?

शाळेच्या अंगणात, झाडांपासून दूर, पाण्याची एक बाटली विटांच्या आधाराने उभी होती. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला, तळाशी खडे, खड्यांच्या वरपर्यंत पाणी आणि तिथे शून्याची खूण. तिथून वर पट्टी चिकटवलेली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे तिथल्या चौथीच्या मुलालाही पाठ होतं. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून इथेही वेळ साडेआठचीच. सातवीतल्या तीन मुलांनी अशाच बाटल्या आपापल्या घरी ठेवल्या होत्या.

मी वही उघडली. एका मुलीच्या रकान्यात तीन दिवस रेघा मारलेल्या.

"पाऊस नव्हता का गं?"

"होता की. खूप होता. आजीला दवाखान्यात नेलेलं, घरी कोण नव्हतं."

"मग शून्य तरी लिहायचं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, बाई. मी बघितला नाही, म्हणून रेघ."

मी गप्प झाले. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण प्रयोगवहीत पुस्तकातलं उत्तर आलं नाही तर खोडून बरोबर आकडा लिहायला मीच सांगत असे. लोलकाचा प्रयोग असो की पाण्याचा उत्कलनबिंदू, माझ्या वर्गात सगळ्यांचं उत्तर एकच यायचं. त्याचा मला अभिमानही वाटे. या मुलीने एका रेघेत मला विज्ञान शिकवलं.

जेवताना माझी विद्यार्थिनी म्हणाली, "एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं म्हणता येत नाही, हे मुलांना आधी सांगते. त्यासाठी साधारण तीस वर्षांच्या नोंदी लागतात." केरळातल्या कित्येक शाळांत मुलं 'सीझनवॉच' उपक्रमात दर आठवड्याला एकाच झाडाकडे बघतात, पालवी, फुलं, फळं टिपून ठेवतात. तसंच एक फणसाचं झाड हिनेही नेमून दिलं आहे.

"तीस वर्षं ही शाळा राहील का गं?" माझ्या तोंडून निघून गेलं. पट अठरावर आला आहे.

"माहीत नाही, बाई. पण वही राहील. म्हणून तर ती खरी हवी."

निघताना त्या मुलीने मला एक कापलेली बाटली दिली. आता ती टिळकवाडीतल्या माझ्या गच्चीवर आहे. साडेआठला मी आकडा बघते आणि तिच्या बाईंना कळवते. आमच्याकडे बारा पडला तर त्यांच्याकडे कधी ऐंशी असतो. मधलं अंतर तासा-दीडतासाचं.

गेल्या मंगळवारी मी लग्नाला गावी गेले होते. परत आल्यावर बाटलीत पाणी होतं, पण ते किती दिवसांचं कोण जाणे. पेन उचललं आणि त्या दिवसांपुढे रेघा मारल्या.