दारावरची थाप

एके सायंकाळी नांदेडच्या मुक्कामी आम्ही जपमाळ आटोपत होतो, तोच लातूरकडच्या आमच्या एका धर्मग्रामस्थाचा फोन आला. "फादर, बालसंरक्षणाची माणसं दारात आलीत. पोरीला नेतील हो!" मागे आईचे रडणे ऐकू येत होते. आम्ही घाईने म्हणालो, "दार उघडू नका." त्या सल्ल्याची आम्हांला आजही लाज वाटते.

मुलगी १३ वर्षांची. तिचे लग्न ठरल्याचे कोणीतरी १०९८ वर कळविले होते. लग्नाची गोष्ट खोटी. शाळा सुटल्याची मात्र खरी.

बाल न्याय अधिनियम, २०१५ आम्ही मागाहून वाचला. मूल नेलेच, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. तेथे आईबापांनी आपली बाजू निर्भयपणे मांडावी. आदेश अन्यायाचा वाटल्यास ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, असे हाच कायदा बजावतो. आलेल्यांचे नाव, हुद्दा व कारण विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

बापाने आमचे ऐकले नाही. त्याने नावे विचारली, पाणी दिले, जन्मदाखला दाखविला आणि एस.टी. बंद झाल्याने शाळा सुटल्याचे सांगितले. मुलगी घरीच राहिली. जूनमध्ये पुन्हा शाळेत गेली.

आईबाप लेकरांचे मालक नव्हेत, राखणदार आहेत. राखणदाराला कोणी जाब विचारला, तर त्याने तोंड लपवू नये. हे त्या बापाला कळले होते. मेंढपाळ म्हणविणाऱ्या आम्हांला ते त्याच्याकडून शिकावे लागले.